प्रौढ वयात रात्री अंथरूण ओले होत असेल तर : जलरोधक चड्ड्यांचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जलरोधक चड्डी लघवी शोषत नाही, ती फक्त बाहेर जाऊ देत नाही. विकल्या जाणाऱ्या पाकिटांवर हे बहुधा स्पष्ट लिहिलेले नसते आणि म्हणून पुष्कळ जण नुसती चड्डी मागवतात, ती पहिल्याच रात्री गळते आणि मग कायमची कपाटात जाते. शोषण्याचे काम आत वेगळ्या ठेवायच्या कापडाच्या घडीचे आहे, अडवण्याचे काम चड्डीचे आहे आणि या दोघांचे एकमेकांशी जमते की नाही हे मुख्यतः मांडीच्या इलॅस्टिकवर ठरते. उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून पावसाळा संपेपर्यंत निरनिराळ्या प्रकारच्या चड्ड्या सलग वापरल्यानंतर माझे हे मत पक्के झाले आहे.

मी पुण्यात राहणारा, तिशी ओलांडलेला, नोकरी करणारा गृहस्थ आहे. लहानपणापासून गाढ झोपेत लघवी होण्याचा त्रास आहे आणि तो पूर्णपणे कधीच थांबला नाही. लघवीची तपासणी, रक्तातील साखर, सोनोग्राफी हे सर्व झाले आहे आणि त्यात दोष आढळलेला नाही. डॉक्टरांनी समजावले ते असे की रात्री मूत्राचे प्रमाण कमी करणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक काही जणांत पुरेसे वाढत नाही, काहींचे मूत्राशय रात्री कमी साठवते, आणि मूत्राशय भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचूनही झोप मोडत नाही. बहुतेकांच्या बाबतीत या गोष्टी एकत्र असतात. प्रौढांमध्ये हा त्रास साधारण शंभरात एक-दोघांना असतो आणि तो घराण्यातही चालत येतो. मात्र ज्यांना आजवर काहीच नव्हते आणि आता अचानक सुरू झाले, त्यांनी चड्डी शोधण्याआधी डॉक्टरांकडे जावे. मधुमेह, मूत्रमार्गाचा संसर्ग, प्रोस्टेटची वाढ, मणक्याचा विकार, झोपेत श्वास अडण्याचा विकार यांपैकी कशाचेही ते पहिले लक्षण असू शकते.

सर्वांत सहज मिळते ती पीव्हीसीची, म्हणजे साध्या प्लास्टिकची चड्डी. औषधांच्या दुकानात रुग्णसेवेच्या वस्तूंमध्ये ती असते आणि स्वस्तही असते. ती पाणी अडवते यात शंका नाही, पण कूस बदलली की कुरकुर आवाज करते, आणि पंखा बंद असलेल्या खोलीत तो आवाज शेजारी झोपलेल्या माणसाला सहज ऐकू येतो. शिवाय तिच्यातून वाफ अजिबात बाहेर पडत नाही. एप्रिल-मेमध्ये लघवी झालेली नसतानाही सकाळी आतला भाग घामाने ओला असे. प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात जे पदार्थ मिसळलेले असतात ते धुण्याने आणि उन्हाने हळूहळू निघून जातात, त्यामुळे काही आठवड्यांत चड्डी कडक होते आणि आधी जांघेपाशी तडकते. प्रवासात अडीअडचणीला एखादी जवळ असावी, एवढाच तिचा उपयोग मला वाटतो.

मी आता कायम वापरतो ती पीयूएलची चड्डी. पॉलिएस्टरच्या विणलेल्या मऊ कापडावर आतल्या बाजूने पॉलियुरेथेनचा अतिशय पातळ थर उष्णतेने चिकटवलेला असतो, त्यालाच पीयूएल म्हणतात. लहान बाळांच्या पुन्हा वापरता येणाऱ्या कापडी लंगोटांना बाहेरून हेच कापड असते, त्यामुळे ज्यांच्या घरात अलीकडे बाळ झाले आहे त्यांनी ते पाहिलेले असते. ते आवाज करत नाही, अंगाला कापडासारखे लागते आणि थोडी वाफ बाहेर जाऊ देते. ‘थोडी’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. सुती चड्डीसारखी मोकळी हवा त्यातून खेळत नाही आणि तशी जाहिरात कोणी करत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. तरीही प्लास्टिकच्या चड्डीत जिथे मध्यरात्री जाग येत असे, तिथे या चड्डीत मी सकाळपर्यंत झोपतो. माझ्या दृष्टीने आरामाची कसोटी हीच आहे.

पीयूएलमध्येही दोन प्रकार मिळतात. एक नेहमीच्या चड्डीसारखा पायांतून वर ओढायचा आणि दुसरा बाजूला टिचबटणे असलेला. टिचबटणांचा प्रकार दिसायला सोयीचा आहे, कारण पायजमा पूर्ण न काढता चड्डी बदलता येते. परंतु कुशीवर झोपणाऱ्या माणसाच्या कमरेच्या हाडावर ती बटणे टोचतात. मी डाव्या कुशीवर झोपतो, म्हणून माझ्यासाठी ओढायची चड्डी योग्य ठरली. पाठीवर झोपणाऱ्यांचा निष्कर्ष वेगळा असू शकेल.

आता मापाविषयी सविस्तर लिहितो, कारण बहुतेक गळती मापातून निर्माण होते. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुसंख्य चड्ड्यांवर फक्त कमरेचे माप दिलेले असते. कंबर ३४ इंच असलेल्या दोन माणसांच्या मांड्यांच्या घेरात चार-पाच इंचांचाही फरक असू शकतो आणि लघवी कमरेतून क्वचितच, मांडीतूनच गळते. म्हणून शिवणाच्या टेपने तीन मापे घ्यावीत : बेंबीखाली कमरेचे, नितंबांच्या सर्वांत रुंद भागाचे आणि जांघेला अगदी लागून मांडीचे. मांडीचे माप उभे राहून आणि बसून असे दोन्ही घ्यावे, कारण बसल्यावर आणि पाय पोटाशी घेतल्यावर मांडीचा घेर वाढतो आणि झोपेत आपण पाय पोटाशी घेतोच. विक्रेत्याकडे मांडीचे माप मागावे. तो देऊ शकत नसेल तर ती चड्डी घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. मी घेतलेल्या एका चड्डीचे कापड आणि शिवण दोन्ही उत्तम होते, पण मांडीचे इलॅस्टिक इतके अरुंद आणि घट्ट होते की सकाळचा लाल वळ दुपारपर्यंत जात नसे. इलॅस्टिकखाली एक बोट सहज सरकले पाहिजे आणि उठल्यानंतर अर्ध्या तासात वळ नाहीसा झाला पाहिजे. अरुंद इलॅस्टिक घट्ट असण्यापेक्षा त्यावर मऊ कापडाची रुंद पट्टी असणे केव्हाही चांगले, कारण पट्टी दाब पसरवते आणि त्वचेला कापत नाही.

शिवणीकडेही पाहावे. सुई जिथून जाते तिथे जलरोधक थराला भोक पडते. जांघेच्या मधोमध शिवण असेल तर नेमक्या सर्वाधिक दाबाच्या जागी भोकांची रांग तयार होते. चांगल्या चड्डीत तो भाग अखंड कापडाचा असतो किंवा शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असते. घरी तपासणे सोपे आहे : चड्डी मोरीत धरून तिच्या मधल्या भागात तांब्याभर पाणी ओतावे आणि पाच मिनिटे थांबून बाहेरून हात फिरवावा.

आतल्या कापडाची निवड करण्यापूर्वी आपल्याला किती शोषण लागते हे कळले पाहिजे. त्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरेसा आहे. कोरे कापड मोजून ठेवावे, सकाळी ओले कापड पिशवीत घालून पुन्हा मोजावे. वाढलेला एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर. माझ्या बाबतीत ३५० ते ४५० मिलिलिटरच्या आसपास आकडा येतो, म्हणून मी साधारण ६०० मिलिलिटर सामावेल एवढी घडी ठेवतो. डायपरच्या पाकिटांवर मिलिलिटरचे जे मोठे आकडे असतात ते पूर्ण भिजवून काढलेल्या क्षमतेचे असू शकतात. प्रत्यक्षात लघवी एका जागी, वेगाने आणि अंगाच्या दाबाखाली येते, त्यामुळे त्याच्या बऱ्याच आधी गळती सुरू होते.

कापडांमध्ये माझी पसंती सुती कापडालाच आहे. मायक्रोफायबर पाणी झटकन ओढते, पण कुशीवर वळून दाब पडला की पिळल्यासारखे सोडूनही देते. सुती कापड सावकाश शोषते, मात्र धरून ठेवते. आईने जुन्या सुती लुगड्याच्या आणि पुष्कळदा धुतलेल्या पंचांच्या जाड घड्या शिवून दिल्या आहेत, आणि बाजारातल्या कोणत्याही तयार पॅडपेक्षा त्या सरस आहेत. नवा पंचा घेतल्यास आधी तीन-चार वेळा गरम पाण्यात धुवावा. खळ आणि कापसाचा नैसर्गिक मेणचटपणा गेल्याशिवाय तो पाणी पीत नाही. कुशीवर झोपणाऱ्यांनी त्या बाजूला जादा घडी द्यावी, पुरुषांनी पुढच्या भागात अधिक जाडी ठेवावी. अंगाला लागणारा वरचा थर पातळ फ्लीसचा, म्हणजे मऊ लवदार कृत्रिम कापडाचा ठेवला तर ओल खालच्या कापडात उतरते आणि त्वचेला कोरडेपणा जाणवतो.

आणि एक गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी अपुरीच आहे : आतल्या कापडाचा एकही काठ इलॅस्टिकबाहेर राहता कामा नये. बोटभर काठ बाहेर असला तरी समईच्या वातीसारखी ओल त्या काठातून बाहेर चढते आणि पायजमा, चादर, गादी सर्व भिजते. बनियन चड्डीत खोचले तरी हेच घडते. चड्डी घातल्यावर दोन्ही मांड्यांभोवती आणि कमरेभोवती बोट फिरवून काठ आत सारायला अर्धा मिनिटही लागत नाही. तरीही गादीवर मेणकापड किंवा जलरोधक आच्छादन असू द्यावे, म्हणजे मन निर्धास्त राहते आणि झोप लागते.

धुण्याची पद्धत जमली की ही चड्डी टिकते. सकाळी उठल्याबरोबर कापड आणि चड्डी थंड पाण्यातून काढावी. लघवीतील युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात आणि तो उग्र वास तिथूनच येतो. ओले कपडे संध्याकाळपर्यंत बादलीत पडले तर तो कापडात मुरतो. त्यानंतर सुती घड्या गरम पाण्यात आणि चड्ड्या कोमट पाण्यात धुवाव्यात. कपडे मऊ करणारे द्रव्य अजिबात वापरू नये, त्याचा थर बसून कापडाचे शोषण घटते. साबणाचा अंश राहिला तरी तेच होते, म्हणून एकदा जास्त खळबळून काढावे. पीयूएलला क्लोरीनचे ब्लीच, इस्त्री आणि दुपारचे कडक ऊन तिन्ही वर्ज्य आहेत. आतला थर सुटून फुगे आले की चड्डी संपली. पुण्याच्या पावसाळ्यात चड्डी पंख्याखाली रातोरात वाळते, पण जाड घडीला दोन दिवसही लागतात. म्हणून चड्ड्या तीन असल्या तरी चालतात, घड्या मात्र त्याच्या दुप्पट तरी हव्यात. गडद रंगाची चड्डी गॅलरीतल्या दोरीवर खेळाच्या आखूड चड्डीसारखी दिसते. सोसायटीत राहणाऱ्यांना या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

त्वचेची काळजी हा वापराचाच भाग आहे. सकाळी कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन, न घासता टिपून कोरडे करावे आणि लाली दिसल्यास झिंक ऑक्साइडचे मलम अगदी पातळ लावावे. जाड थर लावला तर तो कापडाला लागून शोषण कमी करतो. पावसाळ्यात जांघेत गोल, खाजरे चट्टे उठले तर ते गजकर्ण असू शकते. तेव्हा दुकानातून आपल्या मनाने मिश्र मलम आणू नये. त्यातल्या स्टेरॉइडने खाज तात्पुरती शमते आणि बुरशी पसरत जाते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि संकोचू नये, त्यांच्यासाठी ही रोजची बाब आहे.

खर्चाविषयी थोडक्यात : वापरून टाकायच्या प्रौढांच्या डायपर पँटला मी ४० ते ५० रुपये मोजत होतो आणि पंधरा-वीस दिवसांच्या त्या खर्चात पीयूएलची एक चांगली चड्डी आली. कचऱ्याचाही प्रश्न आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी असे वापरलेले डायपर नीट गुंडाळून देण्याचे बंधन घातले, आणि पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक भगिनींनी कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची विनंती केली, म्हणजे उघडून पाहण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही. जे डायपर वापरतात त्यांनी हे जरूर पाळावे. मीही रात्रीच्या रेल्वे प्रवासात आणि लग्नाघरी डायपर पँटच वापरतो आणि तिच्यावरून पीयूएलची चड्डी घालतो, कारण तिथे धुण्याची सोय नसते. अशा दिवसांसाठी डॉक्टरांनी मला डेस्मोप्रेसिनची गोळीही दिली आहे. तिच्यामुळे रात्री लघवी कमी तयार होते, पण ती घेतल्यावर सकाळपर्यंत पाणी जवळपास बंद ठेवावे लागते, नाहीतर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ती कोणाच्या सांगण्यावरून किंवा शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर घ्यायची गोळी नव्हे.

पाच-सहा महिन्यांच्या नियमित वापरात माझ्या चड्ड्यांचा जलरोधक थर शाबूत आहे, मात्र सर्वांत जुन्या चड्डीच्या मांडीचे इलॅस्टिक सैल पडू लागले आहे. शिंप्याकडून ते बदलून घेता येते, फक्त नवी शिवण जुन्याच भोकांच्या बाहेरच्या बाजूने, कडेच्या पट्टीवर घ्यायला सांगावी. ज्यांना स्वतः उठून कपडे बदलता येतात आणि ज्यांचा त्रास रात्रीच्या लघवीपुरता आहे, त्यांना मी पीयूएलची, ओढून घालायची, रुंद पट्टीची चड्डी निःसंकोच सुचवेन. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी किंवा शौचावरही ताबा नसलेल्यांसाठी ती सोयीची नाही. तिथे बाजूने उघडणारे, चिकटपट्टीचे डायपरच वापरावेत, कारण शुश्रूषा करणाऱ्याला रुग्णाला न उचलता, कुशीवर वळवून ते बदलता येतात.