आप्पांनी हुंगला आणि म्हणाले, गिरमिटाचा वास हाय ह्यो

मामेभाऊ पॅरिसवरनं येताना काय आणू म्हणाला तेव्हा मी एकच परफ्यूम सांगितला, ब्युलीचा साँ जोसेफ शार्पाँतिए. म्हणजे संत जोसेफ, सुतार. २०१९ ला पॅरिसचं लूव्र म्युझियम आणि तिथलीच परफ्यूम कंपनी ऑफिसिन युनिव्हर्सेल ब्युली यांनी मिळून सिरीज काढलेली, आठ परफ्यूमर घेतले आणि म्युझियममधल्या आठ कलाकृतींवर एकेक सुगंध करायला लावला. हा सिदोनी लाँसेसर यांनी केलाय, फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूरच्या १६४० च्या दशकातल्या चित्रावरनं. रात्रीची वेळ, म्हातारा जोसेफ वाकून लाकडाला भोक पाडायचं गिरमिट लावतोय आणि पोरसवदा येशूनं मेणबत्ती धरलीय, ज्योतीआड धरलेल्या हाताची बोटं आतनं पेटल्यासारखी लाल दिसतात. चित्रकार हळदणकरांचं ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र माहितीये ना, ज्यातल्या गीताताई उपळेकर आपल्या कोल्हापुरातच राहायच्या, २०१८ ला वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या, तसाच हा हाताआडचा उजेड. आणि माझे आप्पा सुतार, त्यामुळं हे चित्र मला पहिल्यापासनं जवळचं.

आता वासाचं. यात अल्कोहोल नाही, पाण्यातला परफ्यूम आहे, त्यामुळं मारल्या मारल्या नाकात झणका बसत नाही. पहिल्यांदा लिंबासारखं काहीतरी येतं, ते वर्बेना नावाच्या वनस्पतीचं, त्यात गुलाबी मिरीची जराशी चुणचुण, आणि मला वाटलेलं सुताराच्या परफ्यूमला लिंबू कशाला, थेट लाकूडच का नाही.

ते कोडं आप्पांनी सोडवलं. संध्याकाळी चहा पीत बसलेले, चित्राचं काहीच न सांगता त्यांच्या मनगटाला लावलं. एकदा हुंगलं, परत हुंगलं, मग म्हणाले, "रंध्याचा न्हाई, गिरमिटाचा वास हाय ह्यो." मी विचारलं म्हणजे काय ओ आप्पा, तर म्हणाले, "अगं रंधा मारला की वरच्या वाळक्या लाकडाचा वास येतोय, गिरमिट आत शिरलं की आतलं लाकूड भाईर पडतंय, ते भुसकट हाताला गरम लागतंय बघ, आणि त्याला जरा आंबूस वास असतोय." माझ्या अंगावर काटा आला. मग मोबाईलवर चित्र दाखवलं तर कितीतरी वेळ बघत बसले, झूम करून खाली पडलेली पटाशी बघितली, गोल वळलेली ढलपी बघितली आणि "दोन्ही हातानं धरलंय, बरोबर धरलंय" एवढंच बोलले.

अर्ध्या तासानं लिंबू मागं सरतं आणि सीडर पुढं येतं, पेन्सिलला टोक काढताना येतो तो कोरडा वास, आणि शेवटी वाळा. हा वाळा आपल्याला काय नवीन नाही, उन्हाळ्यात माठात जुडी टाकतो तोच, पण लाकडाच्या पाठोपाठ आला की त्याला मातीचा वास जास्त जाणवतो, वर्कशॉपच्या जमिनीवर पाणी मारल्यासारखा. मेणबत्ती शोधाल तर ती यात नाही, मेण नाही धूर नाही, सगळं लक्ष लाकडावर, आणि मला ते पटलं कारण त्या चित्रात जोसेफचंही सगळं बळ त्या गिरमिटातच आहे.

हा अंगाजवळच राहणारा वास आहे, शेजारी बसलेल्याला कळेल, हॉलभर जाणार नाही. लग्नाला जायचं असेल तर हिना लावा, हा नको. मी दुपारनंतर मनगटाला आणि कानामागं लावते, पाऊस पडून गेल्यावर तर लईच भारी वाटतो. बाटली २०० मिलीची आहे, म्हणजे हात आखडायची गरज नाही.

दिवाळीला भाऊ परत येतोय, त्याला याच सिरीजमधला सॅमोथ्रेसच्या पंखवाल्या देवीच्या पुतळ्यावरचा आणायला सांगितलाय, त्यात निशिगंध आहे, आणि निशिगंध म्हटल्यावर आईनं तो आत्ताच स्वतःसाठी बुक केलाय.