एलडीएल उतरवायचं आहे: आधी नारळ आवरावा की ईसबगोल सुरू करावा?

एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, 140-160 च्या घरात आलं आणि डॉक्टर म्हणाले, कोलेस्टेरॉलच्या गोळीआधी तीन महिने आहारावर बघूया, की गोव्यात दोन वाटा दिसतात. जेवणातला नारळ कमी करायचा, किंवा जेवण आहे तसं ठेवून ईसबगोलची भुशी घ्यायची. आकडा 190 च्या वर असेल, मधुमेह असेल किंवा हृदयविकार होऊन गेला असेल, तर मात्र या प्रश्नात अडकू नका. तिथे गोळी टाळणं धोक्याचं. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणीही करून घ्या. थायरॉइड मंदावला तरी एलडीएल चढतं.

कागदावर नारळाचीच बाजू जड. 100 ग्रॅम खवलेल्या नारळात सुमारे 30 ग्रॅम संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी असते. हुमण (नारळाच्या वाटणाची माशाची आमटी), भाजी, सोलकढी धरून चौघांच्या घरात रोज एक नारळ सहज संपतो. म्हणजे माणशी 60-70 ग्रॅम खोबरं आणि 18 ते 20 ग्रॅम संपृक्त चरबी. एलडीएल वाढलेल्या माणसाला दिवसभरात सगळी मिळून 13 ते 15 ग्रॅमच चालते. या चरबीमुळे रक्तातलं एलडीएल उचलून घेण्याची यकृताची ताकद कमी होते.

सोलकढीचा तोडगा सोपा आहे: फुटी कढी, म्हणजे नारळाच्या रसाशिवायची सोलकढी. नारळाच्या गाळलेल्या रसात चोथा जातो आणि चरबी तेवढी राहते, म्हणून पहिली कात्री तिथेच लावावी. हुमणाचं तसं नाही. वाटण निम्मं केलं की रस पाणचट होतो आणि आंबट-तिखट अंगावर येतं. सोलं (आमसुलं) आणि मिरचीही त्याच प्रमाणात कमी करावी लागते, दाटपणासाठी चमचाभर भिजवलेले तांदूळ आणि थोडा कांदा वाटणात घालावा लागतो. उरलेली भूक जास्तीच्या भाताने भागवली तर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, चढतात. ती जागा अळसांदे (चवळी), मूग, शेंगदाणे यांना द्यावी.

हे सगळं जमतं. खरी खोट वेगळीच आहे: घरात हुमणाचं भांडं एकच असतं. पथ्य एकाचं, पण वाटण सगळ्यांचं. दोन भांडी चार दिवस चढतात, पाचव्या दिवशी एकच चढतं. शिवाय वाटून गेलेला नारळ ताटात दिसत नाही. आपण किती खाल्ला ते सांगताच येत नाही. चवथीला नेवऱ्या, पातोळ्या, खतखतं समोर आल्यावर तर हिशेब सुटतोच. माझा कल ईसबगोलकडे झुकला तो या एका कारणाने. त्याचं माप पेल्यात असतं आणि पेला फक्त आपला असतो.

ईसबगोल काम करतं ते पित्तावर. त्याची खळ आतड्यात पित्ताम्ल धरून बाहेर नेते, आणि नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. पित्त येतं जेवणासोबत, त्यामुळे रात्री झोपताना कोमट दुधातून घ्यायची बद्धकोष्ठाची सवय इथे फारशी उपयोगाची नाही. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधी एकेक टेबलस्पून, म्हणजे साधारण 5-5 ग्रॅम, 250 मिली पाण्यात ढवळून लगेच प्यावं. दोन मिनिटं ठेवलंत तर लापशी होते आणि घशाखाली उतरत नाही. वर आणखी एक पेला पाणी हवंच. पहिला आठवडा एकेक छोटा चमचाच घ्या. एकदम पूर्ण मात्रा घेतली की पोट फुगतं आणि लोक तिथेच सोडून देतात. चवीच्या तयार पावडरीत बऱ्याचदा साखर असते, साधी भुशी बरी. कोरडी भुशी तोंडात टाकू नका, घशात अडकते. गिळायचा त्रास किंवा आतडं अरुंद असेल तर हा मार्ग नको. इतर औषधांपासून दोन तास आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास अंतर ठेवा.

उतार साधारण 5 ते 10 टक्के धरावा, म्हणजे 150 वर 8 ते 15. गोळी 30 ते 50 टक्के उतरवते, तिची बरोबरी होणार नाही. फुटी कढी आणि भुशी दोन्ही जमलं तर उत्तमच, पण आधी एकच धरायचं असेल तर मी भुशी म्हणेन. आठ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये तपासा. मध्येच सोडलीत तर आकडा परत वर जातो, म्हणून तपासणीच्या दिवसापर्यंत एकही दिवस चुकवू नका.