जाहिरातीला अर्ज की कंपनीला थेट विचारणा? वेळ कुठे घालवावा

नोकरी शोधताना सगळ्यात आधी वेळ पुरेनासा होतो. आलेल्या जाहिरातींना अर्ज टाकत राहायचं, की जिथे जागा निघालेलीच नाही अशा कंपन्यांना स्वतःहून लिहायचं? माझं मत आधीच सांगून टाकतो. आपण नेमकं कोणतं काम करून देऊ शकतो हे ज्याला दोन वाक्यांत सांगता येतं, त्याने निम्म्याहून जास्त वेळ थेट विचारणेला द्यावा. ज्याला ते अजून सांगता येत नाही, त्याने जाहिरातींपासून सुरुवात करावी.

‘८० टक्के जागांची जाहिरातच होत नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. या आकड्यामागचा भरवशाचा अभ्यास मात्र कुणी दाखवत नाही, म्हणून त्यावर विसंबून निर्णय घेऊ नये. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांची १९७०च्या सुमाराची पाहणी जास्त कामाची आहे. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये, नोकरी बदललेल्या २८२ पुरुषांची ती पाहणी होती. त्यांतल्या सुमारे ५६ टक्क्यांना नोकरी ओळखीतून मिळाली होती. जाहिरात, एजन्सी अशा मार्गांनी सुमारे १९ टक्क्यांना, आणि थेट अर्ज करूनही जवळपास तितक्यांनाच. पाहणी इंटरनेटच्या आधीची, एकाच ठिकाणची आणि फक्त पुरुषांची, त्यामुळे आकडे आज जसेच्या तसे धरता येणार नाहीत. पण थेट अर्ज हा हताश माणसाचा शेवटचा उपाय नसतो, एवढं त्यातून दिसतं.

जाहिरात येते तोवर काय काय झालेलं असतं

कुणीतरी राजीनामा देतं किंवा काम वाढतं. विभागप्रमुख वर मंजुरी मागतो, पगाराची मर्यादा ठरते, कामाचं वर्णन लिहिलं जातं आणि मग जाहिरात लागते. जाहिरातीचा मोठा फायदा इथेच आहे: जागा खरोखर आहे आणि तिचे पैसे मंजूर आहेत, असं सहसा धरून चालता येतं. सहसा म्हणतोय, कारण आतला माणूस आधीच ठरलेला असूनही नियमापोटी जाहिरात देणारे असतात आणि नुसते बायोडेटा गोळा करून ठेवणारेही असतात.

तोटा गर्दीचा. अर्ज शेकड्यांनी येतात, त्यामुळे पहिली चाळणी घाईची असते. कधी ती सॉफ्टवेअर लावतं, कधी एचआरमधला एखादा माणूस एकेका अर्जावर काही सेकंद नजर टाकून लावतो. या चाळणीतून सरळ रेषेतला बायोडेटा पार होतो: तीच पदवी, तेच पद, सलग अनुभव. मध्ये खंड पडलेला माणूस किंवा क्षेत्र बदलू पाहणारा माणूस इथे गळतो. त्याची लायकी कुणी तपासलेलीच नसते, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. अशा माणसांनी तरी सगळा भार जाहिरातींवर टाकू नये.

थेट विचारणा कुठे बसते

ती राजीनामा आणि जाहिरात यांच्या मधल्या काळात बसते. विभागप्रमुखाच्या हातात राजीनामा आहे, किंवा नवं काम दारात उभं आहे, पण भरतीचा व्याप अजून सुरू झालेला नाही. तेव्हा तुमचं पत्र आलं तर तुमच्याशी स्पर्धा करायला कुणीच नसतं. ती वेळ चुकली तर उत्तम पत्रालाही उत्तर येत नाही, आणि त्यात तुमचा दोष नसतो. बहुतेक पत्रांचं असंच होणार हे धरूनच उतरावं. आठवड्याला चार-पाच पत्रं, पण प्रत्येक त्या कंपनीसाठीच लिहिलेलं, हे प्रमाण झेपणारं आहे. एकच मजकूर शंभर ठिकाणी पाठवणं म्हणजे जाहिरातीचा भक्कमपणाही गेला आणि थेट विचारणेची जवळीकही.

पत्र एचआरला न पाठवता, ज्याच्या हाताखाली काम करायचं आहे त्याला पाठवावं. मजकूर साधारण असा:

‘तुमचं दुसरं गोदाम सुरू होत असल्याची बातमी वाचली. मी चार वर्षं डिस्पॅच सांभाळतो आहे. परत येणाऱ्या मालाची नोंद लागायला आमच्याकडे आठवडा जायचा, ती पद्धत बदलून दोन दिवसांवर आणली. दोन गोदामं झाल्यावर हा प्रश्न तुमच्याकडेही येऊ शकतो. पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?’

यात ‘कुठलंही काम चालेल’ नाही, घरची अडचण नाही, स्वतःची स्तुतीही नाही. वाचणाऱ्याला स्वतःची गरज दिसते आणि उत्तर द्यायला सोपा प्रश्न मिळतो. असं पत्र लिहायला एक संध्याकाळ लागते, कारण कंपनीबद्दल आधी वाचावं लागतं. त्या वाचनासाठी जाहिराती फार उपयोगी. एखादी कंपनी एकदम चार सेल्सची माणसं शोधत असेल, तर त्यांची बिलं आणि डिलिव्हरी सांभाळणारं माणूसही लवकरच लागेल.

पगार, गुप्तता आणि ओळखी

जाहिरातीतल्या जागेचा पगार आधी ठरलेला असतो, घासाघीस थोडीच होते. थेट विचारणेत पद तुमच्याभोवती बेतलं जाऊ शकतं, पण पगाराची चौकट नसल्याने आकडा तुम्हालाच सांगावा लागतो. बाजारभाव माहीत नसलेला माणूस इथे स्वस्तात जातो. चौकशी आधी करून ठेवावी.

सध्या नोकरी असेल आणि क्षेत्र लहान असेल, तर पत्राची बातमी साहेबांपर्यंत पोचू शकते. तिथे जपून, मोजक्याच ठिकाणी लिहावं.

मधल्या ओळखीच्या माणसाने नाव पुढे केलं तर पत्र वाचलं जाण्याची शक्यता वाढते, आणि तो माणूस जिवलग असण्याची गरज नसते. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरचा अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानविषयक नियतकालिकात आला. त्यात घट्ट मैत्रीपेक्षा बेताच्या ओळखी नोकरी बदलायला जास्त उपयोगी दिसल्या. जुन्या कंपनीतला सप्लायर, प्रशिक्षणात भेटलेली व्यक्ती, अशांना निःसंकोच विचारावं.

सरकारी पदांसाठी मात्र थेट विचारणेत वेळ घालवू नये, तिथली भरती ठरलेल्या प्रक्रियेनेच होते. ज्या मोठ्या कंपन्या सगळे अर्ज एकाच पोर्टलवर घेतात, तिथेही विभागप्रमुख शेवटी ‘पोर्टलवर अर्ज करा’ असंच म्हणतो. थेट पत्राला खरी जागा लहान आणि मध्यम कंपन्यांत आहे, कारण तिथे निर्णय घेणारा माणूस स्वतःची मेल स्वतः वाचतो.

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एक छोटी आठवण पाठवावी, मग पुढच्या नावाकडे वळावं. ‘सध्या जागा नाही’ असं उत्तर आलं तर आभार मानून ‘तीन महिन्यांनी पुन्हा विचारलं तर चालेल का?’ असं लिहावं. ‘चालेल’ म्हणणाऱ्यांची वेगळी यादी ठेवून, त्या तारखेला खरोखर लिहावं.