कोरड्या तोंडाचा स्प्रे: अठरा आठवड्यांच्या वहीतून

ह्यांच्या घशाचं रेडिएशन संपून दीड वर्ष झालं. गाठ गेली, पण तिच्याबरोबर तोंडातली लाळही आटली. ज्वारीच्या भाकरीशिवाय ज्या माणसाचं जेवण झालं नाही, तो माणूस आमटीत भाकरी कुस्करून, वर पाण्याचे घोट घेत कसंबसं गिळायला लागला. डॉक्टरांनी कृत्रिम लाळेचा स्प्रे लिहून दिला. मी हायस्कूलच्या प्रयोगशाळेत २८ वर्षं सहायक होते. एखादा उपाय ‘बरा वाटतो’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून वही घातली. कोरड्या तोंडासाठी काय घ्यावं असं बरेच जण विचारतात, त्यांच्यासाठी ही वही उघडते आहे.

सुरुवात दंत रुग्णालयात झाली. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी लाळ मोजली, आणि औषधाइतकंच मला ते मोलाचं वाटतं. तासभर आधी काही खायचं-प्यायचं नाही. मान खाली घालून, न बोलता बसायचं आणि तोंडात जमेल ते आधी वजन करून ठेवलेल्या कपात सोडायचं. पाच मिनिटं. मोजपात्रात ओतलं तर फेसामुळे रेघ चुकते, म्हणून वजन करायचं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. निरोगी माणसाला नुसतं बसल्या बसल्या मिनिटाला ०.३ ते ०.४ मिलिलिटर लाळ येते. ०.१ किंवा त्याखाली गेली की ती फारच कमी. ह्यांची पाच मिनिटांत ०.३ ग्रॅम भरली, म्हणजे मिनिटाला ०.०६. नंतर बाईंनी दातांचा आरसा गालाच्या आतून फिरवला, तर तो चिकटूनच राहिला. शेवटी ११ प्रश्न विचारले: रात्री पाणी प्यायला उठावं लागतं का, जेवताना तोंड कोरडं पडतं का, ओठ सुकतात का, असे. प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे कमीत कमी ११ आणि जास्तीत जास्त ५५. ह्यांचे ४४ झाले.

तेव्हाच बाई म्हणाल्या, “लाळ कमी असणं वेगळं आणि तोंड कोरडं वाटणं वेगळं. काहींची लाळ मोजून पुरेशी भरते, तरी तोंड सुकल्यासारखंच वाटतं. दोन्ही लिहून ठेवा.”

स्प्रेमध्ये मुख्य घटक कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज, म्हणजे पाण्याला बुळबुळीतपणा आणणारा पदार्थ. तो लाळ तयार करत नाही, लाळेची जागा घेतो. त्यामुळे स्प्रे मारून लगेच कपात लाळ मोजण्यात अर्थ नाही. मोजला जाईल तो स्प्रेच. मग मी वहीत १० सेंटिमीटरची रेघ ओढली. एका टोकाला ‘अजिबात कोरडं नाही’, दुसऱ्या टोकाला ‘सहन होत नाही’. ह्यांनी दर वेळी त्यावर खूण करायची. स्प्रेआधी खूण साडेआठवर असायची, दहा मिनिटांनी साडेतीनवर यायची, पाऊण तासाने सहावर, आणि दीड तासात पुन्हा होती तिथे. साध्या पाण्याच्या घोटानेही ती चारपर्यंत यायची, पण पंधरा मिनिटांत परत वर.

दोन सारख्या बाटल्या घेऊन एकीत उकळून गार केलेलं पाणी भरायचं आणि कुठली कुठली ते ह्यांना सांगायचं नाही, असंही ठरवलं होतं. ह्यांची संमती होतीच. पण पहिल्याच फवाऱ्याला बुळबुळीवरून त्यांनी बरोबर ओळखलं आणि तो प्रयोग तिथेच संपला. बाई म्हणाल्या, मोठ्या चाचण्यांतही हीच अडचण येते. २०११ साली कॉक्रेन या, वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात तोंडात वापरायच्या अशा उपायांच्या ३६ चाचण्या, एकूण १,५९७ माणसं, एकत्र तपासली होती. कुठलाही एक उपाय नक्की गुण देतो असा भक्कम पुरावा त्यातून निघाला नाही.

तरी रात्रीसाठी मी ह्या स्प्रेला चांगले गुण देईन. उशाशी बाटली ठेवायला लागल्यापासून ह्यांचं रात्रीचं उठणं पाच वेळांवरून तीन वेळांवर आलं. त्या वयात ती दोन वेळची झोप फार मोठी. जेवणाला मात्र उपयोग जवळजवळ नाही: एका भाकरीला पाण्याचे ३१ घोट लागत, स्प्रे मारून २८. शिवाय बाटली नऊ दिवसांत संपते आणि पेन्शनवरच्या घराला तो खर्च जाणवतो.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी पायलोकार्पिनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या सुरू केल्या, दिवसातून तीन. ही गोळी लाळेच्या उरल्यासुरल्या ग्रंथींना चालना देते. दमा आटोक्यात नसेल किंवा काचबिंदूचा एक विशिष्ट प्रकार असेल तर ती चालत नाही, म्हणून मनाने घेऊ नये. घाम येतो, ह्यांना दिवसातून दोनदा बनियन बदलावा लागे. गुण दिसायला १२ आठवडेही लागू शकतात, हे आधीच सांगितलं होतं म्हणून आम्ही धीर धरला. चौथ्या आठवड्यात कपात ०.४ ग्रॅम होती आणि हे गोळ्या बंद करायला निघाले होते. बाराव्या आठवड्यात ०.७ ग्रॅम भरली. प्रश्नांचे गुण ३३ झाले आणि भाकरीचे घोट १७.

मधल्या काळात कुणीतरी लिंबाच्या स्वादाच्या, चघळायच्या गोळ्या दिल्या. लाळ सुटते हे खरं. पण माझ्याकडे शाळेतला पीएच कागद होता, म्हणजे रंगावरून आम्लता सांगणारा; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. एक गोळी थोड्या पाण्यात विरघळवून बुडवला, तर रंग ३ च्या आसपासचा आला. पीएच ५.५ च्या खाली दाताचं वरचं कवच विरघळू लागतं, आणि लाळ नसलेल्या तोंडात ते आम्ल धुऊन टाकायला कुणीच नसतं. रेडिएशननंतर दात आधीच किडायला टपलेले असतात. ते पाकीट मी त्याच दिवशी टाकून दिलं. आता झायलिटॉलची (दात न किडवणाऱ्या, साखरेसारख्या गोड पदार्थाची), आंबट नसलेली गोळी जवळ ठेवतो.

सध्या पायलोकार्पिनच्या गोळ्या चालू आहेत, आणि स्प्रे फक्त रात्री. लाळ दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला, चहाच्या आधी मोजतो, कारण दिवसभरात तिचं प्रमाण बदलतं आणि वेळ एकच नसेल तर आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. कप तोच, काटाही तोच. गेल्या रविवारी ०.८ भरली. त्या दिवशी ह्यांनी भाकरी कुस्करली नाही, तुकडा मोडून झुणक्याशी खाल्ली. घोट मोजायचे मी विसरले.