चाळीचा चौक, मरीन ड्राइव्ह आणि क्रिटा: चित्रपुस्तकाच्या कामात काही महिने वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्यापासून मी एका चित्रपुस्तकाची पानं क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करते आहे. गोष्ट गिरगावातली. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणारी एक मुलगी आजीचा डबा घेऊन भर पावसात मरीन ड्राइव्हपर्यंत जाते. पात्रं मोजकी, जागा मात्र खूप: चाळीचा चौक, लाकडी जिना, गल्ली, चर्नी रोडचा पूल, समुद्राकाठचा रस्ता. म्हणून ब्रशबद्दल मी इथे फारसं लिहिणार नाही. ते भरपूर आहेत आणि चांगले आहेत. जागा उभी करायला आणि ती पानावर मांडायला हे सॉफ्टवेअर किती कामाला येतं, तेवढंच सांगते.

आधी थोडी माहिती. क्रिटा हे केडीई या मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या समूहाच्या परिवारातलं. त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, अँड्रॉइडच्या मोठ्या टॅबवरही चालतं, आयपॅडवर नाही. मी ५.२ वापरते, १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर, पेन टॅब्लेट जोडून.

आता मुख्य गोष्ट, असिस्टंट टूल. कॅनव्हासवर व्हॅनिशिंग पॉइंट (लांब जाणाऱ्या समांतर रेघा जिथे मिळताना दिसतात तो बिंदू), असे दोन बिंदू धरून खोली दाखवणारं पर्स्पेक्टिव्ह, लंबवर्तुळ, समांतर पट्टी, रेघांना गोलाई देणारा फिशआय असे मदतनीस ठेवता येतात. मग ब्रशच्या पर्यायांत ‘स्नॅप टू असिस्टंट्स’ चालू केलं की हाताची रेघ आपोआप त्या दिशेला वळते. वळणं किती कडक हवं ते मॅग्नेटिझमच्या पट्टीवर ठरतं. मी ती पूर्ण वर नेत नाही. कमी ठेवली की रेघ दिशा पाळते, पण हाताचा कंप तिच्यात राहतो, आणि जुन्या लाकडी कठड्याला तो कंप हवाच. बिंदू कॅनव्हासच्या बाहेर लांब नेऊन ठेवता येतात हे सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही बिंदू पानाच्या आत आले की चित्रातली जागा ताणल्यासारखी दिसते आणि कडेची माणसं वाकडी होतात. नजरेचा कोन साधारण ६० अंशांच्या आत ठेवायचा, म्हणजे बिंदू दूर ढकलायचे. कागदावर हे करताना टेबलाला टाचण्या लावून दोरे ताणावे लागायचे.

चौकाचं पान करताना या टूलने मला खरं काय दिलं, ते जरा विस्ताराने सांगते. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहिलं की क्षितिजरेषा आपल्या डोळ्यांच्या उंचीला असते. समोरच्या बाजूला त्याच मजल्यावर आपल्याच उंचीची माणसं उभी असतील, तर ती कितीही लांब असोत, त्यांचे डोळे त्याच रेषेवर येतात. दुसऱ्या मजल्यावरच्यांची डोकी रेषेच्या खाली जातात, चौथ्यावरच्यांचे पाय रेषेच्या वर. हे एकदा पक्कं बसलं की तीन-चार मजल्यांवर विखुरलेली माणसं मोजमाप न करता जागेवर ठेवता येतात. पण माझी नायिका आठ वर्षांची आहे. तिचे डोळे कठड्याच्या वरच्या दांडीच्या जेमतेम खाली येतात. म्हणून मी क्षितिजरेषा तेवढी खाली घेतली, आणि चौक आपोआप कठड्याच्या उभ्या पट्ट्यांमधून दिसू लागला. नळ एका फटीत, सायकल दुसऱ्या फटीत, छत्र्या तिसऱ्या फटीत. पानाची रचना तिथेच ठरली. असिस्टंटची क्षितिजरेषा ओढून वरखाली करता येते, त्यामुळे हा शोध पेन्सिलच्या कच्च्या रेघांवर काही मिनिटांत लागला.

मरीन ड्राइव्हचं पान सगळ्यात कठीण. तिथला रस्ता वळत जातो, म्हणजे प्रत्येक इमारतीची दिशा शेजारणीपेक्षा थोडी वेगळी. दोन बिंदूंची एकच जोडी लावली तर सगळ्या इमारती एका सरळ रांगेत कवायतीला उभ्या राहतात आणि उपसागराचा बाक मरतो. खरा नियम असा की प्रत्येक इमारतीची बिंदूंची जोडी वेगळी, पण सगळ्या जोड्या एकाच क्षितिजरेषेवर. क्रिटात दोन बिंदूंचे अनेक असिस्टंट ठेवता येतात, प्रत्येकाला वेगळा रंग देता येतो, नको ते लपवता येतात. आर्ट डेको या विसाव्या शतकातल्या शैलीतली ही रांग दक्षिण मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींसोबत २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, आणि मुंबईकर वाचक ती लगेच ओळखतो. गोल कोपऱ्याच्या बाल्कन्या, खिडक्यांवरचे लांब छज्जे, भिंतीभर धावणारे आडवे पट्टे. एवढ्या आडव्या रेघा असल्या की एक पट्टा जरी भलत्या बिंदूकडे गेला तरी डोळ्याला खुपतो. गोल बाल्कन्यांसाठी लंबवर्तुळाचा असिस्टंट आहे. त्याचं एक सूत्र लक्षात ठेवावं: क्षितिजरेषेजवळची बाल्कनी जवळजवळ सपाट रेघ दिसते, आणि वरवर जावं तसं तिचं लंबवर्तुळ उघडत जातं.

‘स्नॅप सिंगल’ हा पर्याय चालू ठेवा. अनेक असिस्टंट असताना रेघ सुरुवातीला ज्याला चिकटते त्यालाच शेवटपर्यंत धरून राहते, मध्येच उडी मारत नाही. शिवाय असिस्टंटची मांडणी वेगळ्या फाइलमध्ये जतन होते. चाळीची माझी मांडणी सकाळ, दुपार, रात्र अशा सगळ्या पानांवर तशीच चालली.

तरीही काटेकोर पर्स्पेक्टिव्ह प्रत्येक पानाला मानवत नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रं पाहताना हे फार जाणवतं. अंगण वरून पाहिलेलं, दरवाजे समोरून, गच्ची पुन्हा वेगळ्याच कोनातून, आणि एवढं असूनही कोण कुठे आहे याचा जरासुद्धा गोंधळ नाही. माझ्या पुस्तकात चाळीतल्या आठ-दहा घरांत एकाच वेळी काय चाललंय ते दाखवणारं एक पान आहे. तिथे मी असिस्टंट बंद केले, प्रत्येक मजला सरळ समोरून काढला आणि चौक तेवढा वर उचलून वरून दाखवला. असं पान करायचं तर समांतर पट्टी पुरते. ज्यांना मुलांसाठी चित्रं काढायची आहेत त्यांनी ही लघुचित्रं समोर उभं राहून पाहावीतच.

टोनसाठी, म्हणजे उजळ-गडद तपासायला, मी सगळ्यात वर डिसॅच्युरेटची, म्हणजे रंग काढून टाकणारी, फिल्टर लेयर ठेवते. चालू केली की अख्खं पान करडं होतं, बंद केली की रंग परत. खाली चित्राला धक्का लागत नाही. ‘कॉम्पोझिशन्स’ नावाचं एक डॉकर, म्हणजे कडेचं पॅनेल, आहे, त्यात कोणते थर दिसतील याचे संच नावं देऊन ठेवता येतात. करडं, रंगीत, फक्त मागची बाजू, मजकुरासह, मजकुराविना, सगळं एका टिचकीवर. याबद्दल फार कमी लोक बोलतात, आणि मला तर असिस्टंटनंतर हेच सर्वांत मोलाचं वाटतं. सोबत ओव्हरव्ह्यू डॉकरमध्ये पान तळहाताएवढं दिसत राहतं. त्या छोट्या, करड्या पानात मुलगी कुठे आहे हे क्षणात कळलं नाही, तर तपशील भरायला घ्यायचा नाही. जिन्याच्या पानात ती तीनदा हरवत होती. पायऱ्या काळ्या, तिचा फ्रॉक गडद, मागची भिंत मध्यम. भिंतीवर खिडकीतून उजेडाचा एक तुकडा आणून तिला त्याच्यासमोर उभं केलं तेव्हा पान जमलं. एम दाबलं की कॅनव्हास आरशातल्यासारखा उलटा दिसतो, त्यात एका बाजूला कललेली रचना लगेच पकडता येते. मात्र उलटं पान जास्त छान वाटलं तरी तसंच ठेवता येत नाही. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, मुलगी घरून निघते तेव्हा तिचं तोंड उजवीकडे, पान उलटायच्या दिशेला हवं, परतताना डावीकडे.

पावसाच्या उजेडाबद्दल थोडं. ढगाळ दिवशी सावल्यांना कड नसते, आकाश हा पानातला सगळ्यात उजळ भाग असतो, आणि वस्तूंचा घाट त्यांच्या मूळ रंगांतून आणि छज्ज्याखाली, पन्हळीखाली साचलेल्या अंधारातून कळतो. दमट हवेत लांबच्या इमारतींचे गडद भाग फिके होत जातात. हे मी अंतराच्या दर टप्प्याला एक फिल लेयर (एकाच रंगाने भरलेला थर) ठेवून करते, आकाशाच्या रंगाची, अपारदर्शकता कमी केलेली. ओल्या रस्त्यावरचं प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली उभं पडतं, त्यात उजळ भाग थोडा गडद होतो आणि गडद भाग थोडा उजळ.

मुंबईचा पाऊस म्हटला की निळी ताडपत्री आलीच. छपरांवर, दुकानांपुढे, फेरीवाल्यांच्या गाड्यांवर. पडद्यावर तो निळा झगझगीत दिसतो, पण छपाईच्या चार शायांत तो मावत नाही, मंद आणि जांभळट होतो. क्रिटात कंट्रोल-वाय दाबलं की छपाईत पान कसं दिसेल याचा अंदाज येतो, आणि कंट्रोल-शिफ्ट-वाय दाबलं की आवाक्याबाहेरचे रंग वेगळे उठून दिसतात. छापखान्याकडून त्यांचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्यांच्या छपाईत रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल, आधीच मागून घ्या. मी ताडपत्रीचा निळा आहे तसा ठेवायचा हट्ट सोडून आजूबाजूच्या भिंती उबदार करड्या केल्या. शेजारी तसा करडा असला की तोच मंद निळा पुन्हा जिवंत वाटतो.

आता मर्यादा. माझं जोडपान २० बाय १० इंचांचं, ३०० डीपीआयला ६००० बाय ३००० पिक्सेल, शिवाय कापण्यासाठी चारही बाजूंना ३ मिलिमीटर. पूर्ण भरलेला एक थर ८ बिट रंगांना सुमारे ७२ एमबी, १६ बिटला दुप्पट. तीस-चाळीस थर झाले की १६ जीबी रॅमवरही काम जड होतं. ट्रान्सफॉर्म मास्क (मूळ थर न बदलता त्याला वाकवणारे, फिरवणारे) एवढ्या मोठ्या पानावर संथ चालतात. दुकानांच्या मराठी पाट्या मी वेगळ्या थरावर सरळ लिहून पर्स्पेक्टिव्ह ट्रान्सफॉर्मने भिंतीवर बसवते. त्यासाठी मास्क वापरून पाहिले, पण शेवटी थराची प्रत काढून थेट ट्रान्सफॉर्म करणं सोपं गेलं. गोष्टीचा मजकूर मी क्रिटात घालत नाही. ५.२ मध्ये तो वेगळ्या खिडकीत टाइप करावा लागतो, पानावर थेट नाही. मजकुराची जागा मात्र पहिल्या कच्च्या चित्रापासून एक आकार म्हणून राखून ठेवते, नाहीतर शेवटी अक्षरं कोणाच्या तरी डोक्यावर बसतात. मधल्या शिवणीसाठी गाइड लावते आणि तिच्या आसपास चेहरा येऊ देत नाही.

थ्रीडी ठोकळे क्रिटात नाहीत. चाळीच्या वळणाच्या जिन्यासाठी मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये साधे ठोकळे रचले, कॅमेऱ्याची लेन्स मूळच्या ५० मिलिमीटरवरून ३५ वर आणली आणि वेगवेगळ्या कोनांतून चित्रं काढून क्रिटात संदर्भ म्हणून लावली. ज्यांना हे सगळं एकाच ठिकाणी हवं आहे किंवा आयपॅडवरच काम करायचं आहे, त्यांनी दुसरं काही बघावं. ज्यांच्याकडे बरा लॅपटॉप आणि पेन टॅब्लेट आहे आणि जागांची चित्रं काढायची आहेत, त्यांनी क्रिटा जरूर घ्यावं. आधी असिस्टंट शिका, मग कॉम्पोझिशन्स डॉकर, आणि ब्रश त्यानंतर.