आठ महिने फ्लोच्या अँटिबॉडी वापरून: जळगावच्या उन्हाळ्यासकट अनुभव

फ्लो म्हणजे फ्लो सायटोमेट्री: पेशी एकेक करून लेझरसमोरून नेतात आणि त्यांची चमक मोजतात. अँटिबॉडी पेशीवरच्या ठरावीक रेणूला चिकटते आणि सोबत चमकणारा रंग नेते. गेल्या ऑक्टोबरात आमच्या जळगावच्या लॅबमध्ये अशा पाच अँटिबॉडींचा संच आला: सीडी४५ (पांढऱ्या पेशींची खूण), सीडी३ (टी पेशींची), सीडी४ आणि सीडी८ (टी पेशींच्या दोन गटांची) आणि सीसीआर७. रक्तातल्या टी पेशी ओळखायच्या आणि त्यातल्या किती पेशींवर सीसीआर७ आहे ते पाहायचं, एवढंच आमचं काम. हा रिसेप्टर (पेशीवरचं संदेश पकडणारं प्रथिन) असला की पेशीला लसिका ग्रंथीची वाट सापडते. जूनपर्यंत संच जवळजवळ रोज हाताखाली होता. आपल्याकडच्या उन्हात असं काही मागवणार असाल, तर वाचून ठेवा.

एफआयटीसी रंगातली सीडी३ मला मनापासून आवडली. पडद्यावर टी पेशींच्या ठिपक्यांचा पुंजका बाकीच्यांपासून स्वच्छ सुटतो. माहितीपत्रकात १०० मायक्रोलिटर रक्ताला ५ मायक्रोलिटर लिहिलंय. आम्ही ५, २.५, १.२५ असं उतरत जाऊन पाहिलं, तर २.५ वरही तितकाच फरक दिसला. म्हणजे एक व्हायल दुप्पट पुरली. हे टायट्रेशन प्रत्येक अँटिबॉडीचं आपल्याच ट्यूबमध्ये, आपल्याच पेशींवर करून घ्यावं. त्यात गेलेले दोन दिवस वर्षभर पैसे वाचवतात.

सीसीआर७ ने सुरुवातीला रडवलं. बर्फावर रंगवलं की सिग्नल इतका फिका की सीसीआर७ असलेल्या आणि नसलेल्या पेशींमध्ये रेघ कुठे मारायची कळेना. हा रिसेप्टर पृष्ठभागावरून आत आणि आतून बाहेर असा फिरत असतो. म्हणून त्याची अँटिबॉडी आधी एकटीच घालून ३७ अंशांवर वीस मिनिटं ठेवलं, बाकीच्या अँटिबॉडी नंतर घातल्या. पुंजका वर सरकला. तरीही रेघ एफएमओ ट्यूब (सीसीआर७ सोडून बाकी सगळ्या अँटिबॉडी घातलेली) पाहूनच मारते, अंदाजाने नाही.

नंदुरबारकडून येणाऱ्या काही नमुन्यांत सिकलसेलचे रुग्ण असतात. त्यांच्या लाल पेशी लायसिंग बफरला (लाल पेशी फोडणाऱ्या द्रावणाला) लवकर दाद देत नाहीत आणि पडद्यावर नुसता कचरा दिसतो. पर-सीपी रंगातली सीडी४५ इथे कामाला आली. आधी सीडी४५ असलेल्या पेशी वेगळ्या काढल्या की उरलेल्या लाल पेशी आड येत नाहीत. त्यावर केलेला खर्च वाया गेला नाही.

आता खरी तक्रार, पीई-साय७ रंगातल्या सीडी४ ची. हा जोडरंग आहे, पीई आणि साय७ हे दोन रंग एकत्र जोडलेला. पीई ४८८ नॅनोमीटरचा प्रकाश घेतं आणि ऊर्जा साय७ ला देतं, मग चमक ७८० च्या आसपास मिळते. उजेडाने किंवा उष्णतेने ही जोडी बिघडली की पीई स्वतःच ५७५ जवळ चमकू लागतं. आमची दुसरी व्हायल मे महिन्यात आली, बाहेर ४४ अंश. कुरिअरच्या मुलाने थर्माकोलचा डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, बरफनं पानी व्हई गयं." मी व्हायल उजेडात धरून पाहिली. द्रव नितळ होता, गाळ नव्हता. फ्रिजमध्ये ठेवून दिली.

पुढच्या आठवड्यात सगळ्या सीडी४ पेशी अचानक सीसीआर७ ने भरलेल्या दिसू लागल्या. आमची सीसीआर७ पीईमध्येच आहे. क्षणभर आनंद झाला, मग पोटात गोळा आला. फक्त सीडी४ घातलेली एक ट्यूब चालवली. सीसीआर७ चा थेंबही नसलेल्या त्या ट्यूबमध्ये पीईच्या खिडकीत, म्हणजे पीईची चमक मोजतात तिथे, लख्ख पुंजका! ऑक्टोबरच्या व्हायलने हीच ट्यूब केली तेव्हा तिथे काही नव्हतं.

विक्रेत्याने बदली व्हायल दिली, पण पाच आठवड्यांनी. तोवर सीडी४ ब्रिलियंट व्हायोलेट ४२१ मध्ये मागवली. हा जोडरंग नाही, आणि यंत्रातला ४०५ चा लेझर आमच्याकडे मोकळाच होता. आता जोडरंगाची मागणी होळीच्या आत नोंदवते, डबा उघडताच एकरंगी ट्यूब (फक्त तीच अँटिबॉडी घातलेली) चालवते आणि व्हायल फॉइलमध्ये गुंडाळून फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवते. मागच्या भिंतीला टेकलेली एक पीईची व्हायल गोठून वाया गेली होती. पीई हे प्रथिन आहे, त्याला गोठणं सोसत नाही.

त्या आठवड्यातले अकरा नमुने मी काढून टाकले. त्याच दिवशीचे एकरंगी कंट्रोल केले असते तर कॉम्पेन्सेशन (एका रंगाची दुसऱ्याच्या खिडकीत सांडलेली चमक वजा करणं) नव्याने मांडून काही वाचवता आले असते. मी महिनाभर जुन्या कॉम्पेन्सेशनवर विसंबले होते. पहाटेच्या गाडीने आलेलं, माणसांनी दंड पुढे करून दिलेलं रक्त होतं ते. त्यातल्या सात जणांनी पुन्हा दिलं.