साडेसहा लाखांचं जर्मन पिस्तूल अन् एक पेन्सिल

आधीच सांगतो, दुकानाचं नाव आणि शहर लिहिणार नाही, प्रकरण चालू आहे आणि वकिलांनी तंबी दिलीय. पण ओळखीतले दोघंजण सध्या पिस्तुलाचं लायसन हातात घेऊन "इंपोर्टेड पीस" शोधत फिरतायत, त्यांना फोनवर तीनतीनदा सांगून माझं तोंड दुखलं म्हणून आता सगळं लिहूनच काढतो.

आम्ही मूळचे विट्याकडचे, धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा. चुलते साउथला असतात, मी इकडचं बघतो, म्हणजे महिन्यातून चार-पाच फेऱ्या कोल्हापूरला गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोबत माल नाहीतर कॅश. दोन वर्षांपूर्वी आमच्याच भावकीतल्या एकाची गाडी रात्री अडवली होती, तेव्हापासून वडिलांनी डोकं खाल्लं की लायसन काढ. काढलं. पोलीस रिपोर्ट, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, हेलपाटे, सगळं धरून दीड वर्ष गेलं, त्याबद्दल तक्रार नाही, ते असंच असतं.

लायसन मिळालं की खरा खेळ सुरू होतो. आपल्याकडे ९ एमएम प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे साध्या लायसनवर न मिळणाऱ्या मापात येतं, त्यामुळे खिशात-कमरेला ठेवायचं सेमी-ऑटो (एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारं) म्हणजे साधारण बत्तीस बोअर. त्यात सरळ रस्ता म्हणजे सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीचं नवीन पिस्तूल, लाखाच्या आसपास. आणि दुसरा रस्ता म्हणजे जुनं परदेशी. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून साध्या लायसनवाल्याला बाहेरून हत्यार आयात करता येत नाही, त्यामुळे देशात वॉल्थर, वेब्ली, कोल्ट अशा परदेशी कंपन्यांचे जे पीस आधीच आलेत तेवढेच हातोहात फिरतात आणि किंमत चढत जाते. म्हणजे ज्याला लोक "इंपोर्टेड" म्हणून मिरवतात ते बहुतेक वेळा माझ्यापेक्षा वयाने मोठं असतं. हे मला माहीत होतं, तरी मोह झालाच. लग्नात कमरेला जर्मन माल दिसला की चार लोक विचारतात, खोटं कशाला बोलू.

दुकानदार माणूस इतका गोड की विचारू नका. चहा, वर कोल्ड्रिंक, "साहेब, ही खरेदी नाही, इन्व्हेस्टमेंट आहे." एक जुने लायसनधारक वारले, वारसांना नको म्हणून त्यांनी दुकानात जमा केलेला पीस, वॉल्थर पीपी, लाकडी ग्रिप, काळाकुळकुळीत, आरशासारखा. मी म्हटलं, उघडून दाखवा की. तर म्हणाला, "ओरिजिनल जर्मन फिटिंग आहे, उगाच उघडलं की टायमिंग बिघडतं." आणि मी मान डोलावली! मिक्सर घेताना पण आपण चालू करून बघतो हो. टेस्ट फायरचं विचारलं तर "इथे भर वस्तीत कसं करणार, नेऊन बघा, मी कुठं पळून चाललोय का."

सौदा साडेसहा लाखाला ठरला. दोन लाख दहा हजार आरटीजीएस, त्याचं बिल, आणि चार लाख चाळीस हजार कॅश, त्याचं काहीच नाही. "सगळीकडे असंच चालतं साहेब." ही माझी चूक, त्याची नव्हे, मला कुणी बंदूक लावून कॅश द्यायला लावली नव्हती. पिस्तुलाचा नंबर लायसनवर चढला, पन्नास राऊंड, म्हणजे काडतुसं, मिळाले, मी खूश.

पीपी कसं चालतं ते सांगतो म्हणजे पुढचं कळेल. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या पेटीत, आठ राऊंड बसतात. स्लाईड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, ओढून सोडली की एक राऊंड चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, जातो आणि मागचा घोडा चढलेला राहतो. मग स्लाईडवरचा सेफ्टीचा खटका खाली दाबला की घोडा आपोआप पडतो, पण आतली फायरिंग पिन तेव्हा अडवलेली असते, त्यामुळे गोळी सुटत नाही. १९२९ साली आलेलं हे डिझाईन, त्या काळात फार हुशारीचं. शिवाय स्लाईडच्या मागे, घोड्याच्या वर, एक बारीक पिन असते, चेंबरमध्ये राऊंड असला की ती बाहेर डोकावते, अंधारात पण बोटाला लागते. दुकानदाराने हे सगळं मला नीट समजावून दिलं होतं. त्यामुळे गुजरीला जायच्या दिवशी सकाळी मी पलंगावर बसून स्लाईड ओढायचो, खटका दाबून घोडा पाडायचो, कमरेला लावायचो. संध्याकाळी आलो की चेंबरमधला राऊंड काढून परत मॅगझिनमध्ये वरती भरायचो. असं तेरा-चौदा वेळा झालं असेल. पलंगाखाली फरशी, आणि फरशीखाली वडिलांची खोली.

नंतर रेंजवर गेलो. पहिल्या मॅगझिनला आठात तीनदा अडकलं, दुसऱ्याला चारदा. दुकानदाराला फोन केला तर त्याचं उत्तर तयार, "बत्तीसचा राऊंड सेमी-रिम असतो साहेब, बुडाची कड जराशी बाहेर असते, भरताना खालच्याची कड वरच्याच्या पुढे गेली की अडकतंच, तुम्ही नीट भरत नाही." आता गंमत बघा, ही गोष्ट खोटी नाही, बत्तीसमध्ये असं होतं. अर्धं खरं सांगून माणूस कसा गप्प करतो बघा, मी दोन आठवडे मॅगझिन भरायची प्रॅक्टिस करत बसलो.

आमच्या गावात एक सुभेदार काका आहेत, लष्कराच्या ईएमईमधून आर्मरर म्हणून रिटायर झाले, उभं आयुष्य हत्यारं दुरुस्त करण्यात गेलं. शेवटी त्यांना घरी बोलावलं. हातात घ्यायच्या आधी त्यांनी मलाच सांगितलं, "आधी मॅगझिन काढ, मग स्लाईड ओढ, मग डोळ्याने बघ, मग करंगळी घालून बघ." हा क्रम उलटा केला तर, म्हणजे आधी स्लाईड ओढून नंतर मॅगझिन काढलं, तर मॅगझिनमधला नवा राऊंड चेंबरमध्ये जाऊन बसतो आणि आपण समजतो रिकामं आहे. पीपी मॅगझिन काढलेलं असलं तरी फायर होतं. सगळे राऊंड त्यांनी दुसऱ्या खोलीत पाठवले.

मग ट्रिगर गार्ड खाली ओढला, स्लाईड मागे नेऊन वर उचलली आणि पिस्तूल उघडून सतरंजीवर ठेवलं. ना स्क्रू ना पाना. "टायमिंग बिघडतं" म्हणालेला माणूस आठवला आणि कान गरम झाले. नळीवरची स्प्रिंग दुसऱ्याच कशाची तरी, कापून बसवलेली. नळीवर प्रूफचा, म्हणजे चाचणी पास झाल्याचा, शिक्का नाही, स्लाईडवर आहे. स्लाईडवरच्या अक्षरांच्या कडा बुजलेल्या, म्हणजे घासून वर नवीन काळा रंग चढवलाय. ती चेंबरची पिन आतच अडकून बसलेली, राऊंड असो नसो बाहेर येतच नव्हती, आणि मी दर वेळी तिच्यावर बोट फिरवून चेंबर रिकामं असल्याची खात्री करून घ्यायचो!

मग काकांनी नातवाच्या दप्तरातली पेन्सिल मागवली. पिस्तूल परत जोडलं, पुन्हा रिकामं आहे बघितलं, नळी वर छताकडे केली, पेन्सिल खोडरबराच्या बाजूने नळीत सोडली, घोडा चढवला आणि सेफ्टीचा खटका दाबला. पेन्सिल जागची हलायला नको. पहिल्यांदा हलली नाही. दुसऱ्यांदा टुणकन उडाली. पाच वेळा केलं, दोनदा उडाली. म्हणजे पिन अडवणारा भाग झिजलेला, घोडा कधी त्याच्यावर पडतो तर कधी पिनला लागतो.

काका काही बोलले नाहीत, त्यांनी दुसऱ्या खोलीतून माझे राऊंड आणवले. मी दर वेळी तोच वरचा राऊंड चेंबरमध्ये घालायचो ना, तो शोधला. त्याच्या बुडाच्या टोपीवर, जिथे पिन आपटते तिथे, बारीक बारीक तीन खळ्या होत्या. टोपी फुटायला लागतो तेवढा मार बसला नव्हता, एवढंच. मी तो राऊंड हातात घेऊन किती वेळ बसलो माहीत नाही. खालून वडील हाक मारत होते, जेवायला या म्हणून.

पुढचं दुखणं वेगळंच. काकांनी टॉर्च आडवा धरून स्लाईडवरचा नंबर दाखवला, आकडे एका ओळीत नाहीत, एक सात जरा वर, आणि खाली जुन्या आकड्यांची पुसट सावली. फ्रेमवरचाच, म्हणजे खालच्या मुठीच्या भागावरचाच, नंबर दुसऱ्या कुठल्या तरी स्लाईडवर नव्याने ठोकलेला. मला वाटलं चला, हा तर दुकानदाराविरुद्ध पुरावा झाला. वकील म्हणाले, जरा थांबा. आर्म्स ॲक्ट १९५९ चं कलम ८ असं आहे की हत्यारावरचा नंबर खोडलेला, बदललेला किंवा बनावट निघाला तर ते ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच ते केलं असं धरून चालतात, उलटं सिद्ध करायची जबाबदारी त्याची. म्हणजे माझी. साडेसहा लाख देऊन मी आरोपीची खुर्ची विकत घेतली होती.

दुकानदाराकडे गेलो तर चहा नाही, कोल्ड्रिंक नाही. "आम्ही दिलं तेव्हा ओके होतं, तुम्ही कुणाकडून तरी उघडवलंत." मग स्वतःहून म्हणाला, परत घेतो, बिलाप्रमाणे, पंधरा टक्के कापून. बिल दोन लाख दहाचं. चार लाख चाळीस हजाराचा विषय काढला तर चेहरा असा केला की जणू मी परग्रहावरून आलोय. कमी रकमेचं बिल कशासाठी असतं ते मला त्या दिवशी कळलं, टॅक्सबिक्स ठीक आहे हो, पण माल परत करायची वेळ आली की तेवढेच पैसे तुमचे.

वकिलांच्या सल्ल्याने परत दिलं नाही. सगळं लेखी लिहून पोलीस स्टेशनला आणि परवाना शाखेला दिलं, पिस्तूल जमा केलं, ते तपासणीला जाईल. काकांनी फोटो काढून ठेवले होते, ते उपयोगी पडतायत. दुकानाऐवजी दुसऱ्या लायसनधारकाकडून थेट घेतलं असतं तर निदान इतिहास तरी कळला असता, पण त्यातही विकणाऱ्याने लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं, आणि मला तर पुढच्याच आठवड्यात लग्नाला जायचं होतं.

ते दोघे ओळखीतले विचारतात मग घ्यायचं काय. मी म्हणतो, माझ्यासारख्याला नवीन फॅक्टरीचं बरं, दिसायला नसेल जर्मन. आणि जुनंच हवं असेल तर टोकन द्यायच्या आधी सोबत जाणकार माणूस न्या, उघडायला सांगा, नाही म्हणाला की चहा पिऊन उठा. खिशात एक पेन्सिल ठेवा. पूर्ण रकमेचं बिल. आणि चेंबर रिकामं ठेवूनच कमरेला लावा, काका म्हणतात सवय झाली की स्लाईड ओढायला क्षणभरच लागतो.

मधे आचारसंहिता लागली तेव्हा गावातले सगळे लायसनवाले हत्यार जमा करायला पोलीस स्टेशनला रांगेत उभे, मी पण नोटीस घेऊन गेलो. हवालदाराने रजिस्टर उलटलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "शेठ, तुमचं तर आधीच आत आहे की."